गोव्यात पावसाळ्यात दूधसागर सोडून, गर्दी नसलेला जंगलातला धबधबा कुठे बघावा?

तुम्ही लिहिलंय की जुलैअखेरीस कोल्हापूरहून येताय, सोबत दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई आहेत, आणि दूधसागरची झुंबड नको आहे. मी सांगे तालुक्यातला. विचाराल तर माझं उत्तर एकच, नेत्रावळीतला सावरीचा वझर (आम्ही धबधब्याला वझर म्हणतो). फक्त जुलैत नको, चतुर्थी उरकल्यावर या. तारखा बदलता येत नसतील तर काय करायचं तेही सांगतो.

आधी वझर निवडायचा कसा ते. बाहेरून आलेली मंडळी पहिल्यांदा उंची विचारतात. मुलं आणि वयस्क माणसं सोबत असताना विचारायचा प्रश्न वेगळा आहे: वाटेत वहाळ, म्हणजे ओढा, किती ठिकाणी ओलांडावा लागतो? जिवाला धोका होतो तो बहुतेक वेळा या दोन ठिकाणी, एक वाटेतला वहाळ आणि दुसरा वझराखालचा कोंड, म्हणजे खोल डोह.

आमच्या सांग्यात आणि तिकडे सत्तरी तालुक्यात वाळपईला वर्षाकाठी दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीचा कडा इथे एकदम उभा असल्यामुळे वर घाटमाथ्यावर कोसळलेलं पाणी बघता बघता खाली येतं. खाली तुमच्या डोक्यावर ऊन असेल, एक थेंबही पडत नसेल, तरी वहाळ चढतो. जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी परतताना मांडीला लागतं, आणि गुडघाभर पाण्यालाही ओढ असली की धडधाकट माणूस आडवा होतो. सत्तरीतल्या पालीच्या वझरावर 2024च्या जुलैमध्ये हेच झालं. त्या वाटेवर पाणी पुन्हा पुन्हा ओलांडावं लागतं. रविवारी गेलेले लोक पलीकडे अडकले आणि अग्निशमन दलाच्या जवानांनी त्यांना बाहेर काढलं. पालीचा वझर देखणा आहे यात वाद नाही, पण तुमच्या घरच्यांना घेऊन भर पावसात तिथे जाऊ नका. चरावणे, हिवरे ही नावंही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. तीही म्हादई अभयारण्याच्या बाजूची ठिकाणं आहेत. तिथेही आधी गावात चौकशी केल्याशिवाय पाऊल टाकू नका.

पाणी वाढणार असेल तर ते आधी सांगतं. स्वच्छ वाहणारं पाणी गढूळ तांबूस होतं, पाचोळा आणि काटक्या वाहत यायला लागतात, आवाज जड होतो. यातलं एक जरी जाणवलं तरी सामान आवरत बसू नका, मुलांचा हात धरा आणि उंचावर चला. मधला वहाळ चढलेला असेल तर ओलांडायचा नाही, अलीकडेच थांबायचं. पाऊस उणावला की पाणी उतरतं. बाकीच्यांनी कितीही हाका मारल्या तरी दोरी धरून वगैरे पलीकडे जायचं धाडस नको.

नेत्रावळीतच मैनापी नावाचा दुसरा वझर आहे. 2023च्या जुलैमध्ये तिथे दोघे बुडाले आणि त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जाणंच बंद केलं. पुढे काही ठिकाणं अटी घालून खुली झाली. जिल्हाधिकारीही पावसाळ्यात धबधब्यांत उतरायला बंदीचे आदेश काढतात. म्हणून निघण्याच्या दिवशी कुठला वझर खुला आहे ते वनखात्याकडून कळून घ्या. बंद म्हटलं तर बंद. शंभर रुपये घेऊन आडवाटेने नेणारा कुणी भेटला तर त्याच्या मागे जाऊ नका.

आता सावरी. नेत्रावळी अभयारण्य 1999 साली जाहीर झालं, 211 चौरस किलोमीटरचं. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची, शुल्क भरायचं, आणि तिथल्याच माणसाला वाटाड्या म्हणून सोबत घ्यायचं. त्याला वाट तर ठाऊक असतेच, शिवाय आजचं पाणी कसं आहे हेही तोच सांगू शकतो. वाटेला मत्तीची उंच झाडं लागतात, सालीवर मगरीच्या पाठीसारख्या भेगा असलेली. गोव्याचा राज्यवृक्ष तो हाच. मुलांना वर बघत चालायला सांगा, शेकरू दिसण्याची बरीच शक्यता असते. वझराच्या जवळ आलात की पाण्याच्या आवाजातून एखादी शीळ ऐकू येईल, कुणी माणूस रमतगमत वाजवतोय अशी. तो मलबारी कस्तुर, ओढ्याकाठीच राहणारा निळा-काळा पक्षी. ती शीळ ऐकण्यासाठी तरी मोबाईलवर गाणी लावू नका. मला तिथे सर्वांत जास्त राग येतो तो याचाच, आणि त्या खालोखाल दगडांत फोडून टाकलेल्या बाटल्यांचा. हाच वहाळ पुढे लोकांच्या कुळागरांतून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांतून, जातो, तिथे माणसं अनवाणी कामाला असतात.

ऑक्टोबरात पाणी नितळ होतं, वाट सुकलेली असते, जळवाही कमी होतात. सासूबाई सावकाश चालल्या तरी चालेल. गुडघे दुखत असतील तर मात्र त्यांना आग्रह करू नका, कारण परतीला चढ आहे.

जुलैतच यायचं असेल तर जंगलाच्या आत शिरू नका. काणकोणात गावडोंगरीला बामणबुडो वझर आहे, अगदी रस्त्यालगत. सासूबाई गाडीतून उतरून दोन पावलांवर उभ्या राहून बघू शकतील. रविवार टाळा आणि सकाळी लवकर पोचा, म्हणजे गर्दी लागणार नाही. साखळीजवळचं हरवळे दुसरं. तिथे रुद्रेश्वराचं देऊळ आणि कोरीव गुहा शेजारीच आहेत. दोन्हीकडे बघायचं लांबून, कोंडात उतरायचं नाही. पोहता येतं हे कारण तिथे उपयोगाचं नाही. खाली कपारी असतात आणि पडत्या पाण्याखालून वर येता येत नाही.

सामान थोडंच लागतं. पकड असलेल्या चपला किंवा बूट (नवीन गुळगुळीत तळव्याचे नकोत), कोरडे कपडे, जळवांसाठी मीठ, आणि रोख पैसे. आत फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका. कुठे जाताय आणि किती वाजता परतणार ते मुक्कामाच्या जागी सांगून निघा. तशीच गरज पडली तर 112 लावा.

मडगावहून नेत्रावळी 40 किलोमीटरच्या आसपास आहे. केपे, तिळामळ, रिवण, कोळंब असा रस्ता. सकाळी आठला मडगाव सोडा आणि न्याहरी केप्यातच करा, भाजीपाव कुठेही मिळेल. वझर सकाळी करून घ्या. दुपारी नेत्रावळीत गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी बघा. तळाशी सतत बुडबुडे फुटत असतात, मुलं पायऱ्यांवरून हलणार नाहीत. जुलैतही ही तळी बघता येते, आणि तिच्यासाठी जंगलात शिरावं लागत नाही. परतताना उजेड असेल आणि कुशावती नदीला पूर नसेल तर रिवणजवळ उसगाळीमळला थांबा. नदीकाठच्या कातळावर प्राचीन माणसाने बैल, हरणं आणि एक मोठं चक्रव्यूह कोरून ठेवलंय. 1993 साली ही कोरीव चित्रं अभ्यासकांच्या नजरेस आली. पावसात त्या कातळावर शेवाळ धरतं, तेव्हा सासूबाईंचा हात सोडू नका.