कर्नाळा किल्ल्यावर पहिल्यांदाच निघालात?
उंची जेमतेम ४५० मीटर म्हणून हलक्यात घेऊ नका. पायथा समुद्रसपाटीपासून फारसा वर नाही, त्यामुळे बहुतेक सगळा चढ अंगावर येतो. त्यात कोकणातली दमट हवा. घाम वाळत नाही, अंग निवत नाही. माणशी ३ लिटर पाणी घ्या, सकाळी लवकर चढा.

नवखे चुकतात ते इथे:
- किल्ल्याच्या माथ्यावरच्या सुळक्याला आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा बंद. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून तिथून लांब निघा.
- सुळका दोर लावून चढणाऱ्यांसाठी. तुम्ही सुळक्याच्या पायथ्याची पाण्याची टाकी पाहून परत फिरा.
- पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं. झिजलेल्या तळव्यांचे बूट नकोत.

आणि स्वर्गीय नर्तक हा पक्षी दिसावा असं वाटत असेल, तर गप्पा जरा कमी!