रेकॉर्डिंगच्या मशीनला अपडेट मारू का?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तबल्याला कोणता माइक लावू असं विचारणारेही आता अपडेटचं विचारू लागले. साचलेल्या पत्रांपैकी काही आज घेतो.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी घरीच करतो. लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, विंडोज १०. सिंहस्थासाठी दोन अल्बम करायचे आहेत. स्क्रीनवर सारखं ‘सपोर्ट संपला’ येतं. ओळखीचा दुरुस्तीवाला म्हणतो, अट बायपास करून विंडोज ११ टाकून देतो. टाकू का? (पंचवटी)

नको. निदान अल्बम हातावेगळे होईपर्यंत तरी नकोच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचा त्या यादीत बसत नाही. बायपास करून विंडोज चढते, चालतेही. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप, तेच बेभरवशाचं. आणि आवाजाच्या बाबतीत पदरात काय पडणार? काही नाही. पेटीचा सूर विंडोज ११ वर जास्त गोड लागत नाही.

सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेचे पॅच थांबले, रेकॉर्डिंग थांबलं नाही. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव योजना आहे, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर तिची नोंदणी होते. त्यानंतर मी तुमच्या जागी असतो तर लॅपटॉपचं नेट तोडून त्याला सरळ टेपरेकॉर्डर केलं असतं. बँक, मेल, यूट्यूब सगळं मोबाईलवर. फक्त आधी चाचणी घ्या: वायफाय बंद करून आठवडाभर रोज एक जुना प्रोजेक्ट उघडा. काही प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) मधूनमधून नेटवर जाऊन लायसन्स तपासतात. ते कोणते, हे अभंग अर्धा गाऊन झाल्यावर कळायला नको. आणि फायली पेन ड्राइव्हवरून येणार असतील तर तो आधी दुसऱ्या मशीनवर स्कॅन करून घ्या, नाहीतर नेट तोडून उपयोग काय?

प्रश्न : माझ्याकडे २०१९ चा आयमॅक आहे, अजून मोहावी या जुन्या मॅक सिस्टीमवरच. रेकॉर्डिंगला ॲपलचं लॉजिक, आणि ॲडॅप्टर लावून चालणारा जुन्या फायरवायर जोडणीचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडायचा डबा). पुण्याचा एक अरेंजर नव्या लॉजिकमधले प्रोजेक्ट पाठवतो, ते माझ्याकडे उघडत नाहीत. सरळ सगळ्यात नवी सिस्टीम टाकावी का? (गंगापूर रोड)

तुमचा प्रश्न आजच्यात सगळ्यात अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, सगळ्यात नवी तुम्हाला मिळणारच नाही. २०२५ च्या सप्टेंबरात आलेली टाहो मोजक्याच इंटेल मॅकवर चढते, त्यात २०१९ चा आयमॅक नाही. तुमची मजल तिच्या आधीच्या सेक्वोयापर्यंत. हे एका अर्थी बरंच झालं, कारण टाहोने फायरवायर काढूनच टाकलंय. तुमचा इंटरफेस तिथे दिसलाच नसता.

दुसरी, मोहावी आणि तिच्या पुढच्या सगळ्या यांच्यामध्ये एक भिंत आहे. २०१९ मध्ये आलेल्या कॅटालिनापासून ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीचे, प्रोग्राम बंद झाले. लॉजिक स्वतः २०१३ पासून ६४-बिटच आहे, त्यामुळे ‘माझं तर सगळं लॉजिकमध्येच आहे’ असं म्हणून लोक निर्धास्त राहतात. अडकतं ते आजूबाजूचं: इंटरफेसचं कंट्रोल पॅनल, जुन्या सिंथचा एडिटर, सँपल लायब्ररीचा इन्स्टॉलर. मोहावीतच सिस्टीम इन्फर्मेशन उघडा, सॉफ्टवेअरखाली ‘लेगसी सॉफ्टवेअर’ अशी ओळ आहे, तिच्यावर क्लिक करा. जे ३२-बिट प्रोग्राम तुम्ही वापरलेत त्यांची यादी समोर येईल. त्या यादीत तुमच्या इंटरफेसचं काही दिसलं, तर आधी कंपनीच्या साइटवर नवा ड्रायव्हर आहे का ते पाहा. नसेल तर अपग्रेडच्या खर्चात नव्या यूएसबी इंटरफेसची किंमत धरूनच हिशोब करा.

तिसरी गोष्ट, आणि माझा सल्ला हाच. मोहावी पुसू नका. डिस्क युटिलिटीत जाऊन दुसरा एपीएफएस व्हॉल्यूम (त्याच डिस्कवरचा वेगळा कप्पा) जोडा, म्हणजे पार्टिशनसारखी जागा आधी कापून द्यावी लागत नाही. शंभरेक जीबी मोकळे असले की पुरे. सेक्वोया त्या व्हॉल्यूमवर टाका. सुरू करताना ऑप्शन बटण दाबून धरलं की कुठल्या सिस्टीममध्ये जायचं ते निवडता येतं. पुण्याचे प्रोजेक्ट सेक्वोयात, तुमची जुनी गिऱ्हाइकं मोहावीत. पण लॉजिकचा प्रोजेक्ट नव्यात उघडून सेव्ह केला की जुन्यात परत उघडेल या भरवशावर राहू नका. कॉपी करून उघडा. अरेंजरला हेही सांगा की प्रोजेक्टसोबत प्रत्येक ट्रॅकची सुरुवातीपासूनची वेव्ह फाइलही पाठव. ही सवय त्याला लागली तर तुमचं निम्मं दुखणं अपग्रेडशिवायच जाईल.

बाकी, टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची असं ॲपलने जाहीर केलंय. तेव्हा या आयमॅकवर मोठा खर्च करू नका.

प्रश्न : आमच्या ढोल-ताशा पथकाचं रेकॉर्डिंग मी करतो. मागच्या आठवड्यात विंडोज ११ केली आणि तेव्हापासून आवाजात तडतड येते. इंटरफेस खराब झाला का? (सिडको)

इंटरफेस बहुतेक ठणठणीत आहे. आणि आठवडाच झाला असेल तर हे उत्तर वाचायच्या आधी सेटिंगमध्ये सिस्टीम, रिकव्हरी इथे जा आणि ‘गो बॅक’ चालू दिसतंय का ते बघा. अपग्रेडनंतर दहा दिवस परत फिरता येतं. त्यानंतर विंडोज जुन्या फायली पुसते. जागा करायला म्हणून डिस्क क्लीनअप मारलात तर दहा दिवसांच्या आतही दार बंद.

ही चूक माझ्याही हातून झाली आहे. गणपतीच्या आधी एका पथकाचं रेकॉर्डिंग ठरलेलं, आणि आदल्या रात्री मला काय अवदसा आठवली, मी अपडेट मारला. सकाळी मैदानात पन्नास ढोल उभे, माइक लावलेले, ऐकायला सगळं झकास. ढोलाच्या ठोक्यात तडतड लपते हो. घरी येऊन झांजेचा एकटा ट्रॅक लावला तेव्हा तिच्या विरत जाणाऱ्या आवाजात टिक, टिक, टिक. कढईत मोहरी उडावी तशी. सगळं पुन्हा करावं लागलं आणि पथकाच्या चहा-वड्याचं बिल मी भरलं.

तुमच्याकडे क्रमाने हे बघा. अपग्रेडमध्ये कंपनीचा ड्रायव्हर जाऊन विंडोजचा साधा ड्रायव्हर बसला आहे का? सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तुमच्या इंटरफेसच्या नावाचा एएसआयओ (आवाज थेट इंटरफेसपर्यंत नेणारा) ड्रायव्हर दिसायला हवा. नसेल तर कंपनीच्या साइटवरून विंडोज ११ साठीचा उतरवून घ्या. ड्रायव्हर जुना असेल तर विंडोज सिक्युरिटीतल्या ‘मेमरी इंटिग्रिटी’मुळे तो चढतच नाही, असंही होतं. ते बंद करून काम होतं, पण ती सुरक्षा आहे, म्हणून तो उपाय शेवटचा. मग लेटन्सीमॉन नावाचा फुकट प्रोग्राम दहा मिनिटं चालवून ठेवा. कोणता ड्रायव्हर मध्येमध्ये प्रोसेसर अडवून धरतो ते तो नावानिशी दाखवतो. माझ्या मशीनवर वायफायचा निघाला. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद, तडतड बंद.

आणि बफर, म्हणजे आवाज प्रोसेसरकडे जाण्याआधी थोडा साठवायची जागा, वाढवा. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सँपलचा बफर म्हणजे साधारण २.९ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २३. गायकाला स्वतःचा आवाज सॉफ्टवेअरमधून हेडफोनवर द्यायचा असेल तर २३ फार झाले, तो अडखळणार. पण ढोलवाला कुठे हेडफोन लावून वाजवतो? पथकासाठी खुशाल १०२४ ठेवा. बऱ्याच जणांनी कुठल्यातरी व्हिडिओत बघून बफर ६४ वर नेलेला असतो आणि शिव्या विंडोजला घालतात.

प्रश्न : मी बारावीत आहे, एफएल स्टुडिओवर बीट्स करतो. नवीन विंडोजवर साउंड क्वालिटी वाढते का? मित्राने दिलेले काही प्लगइन अपडेटनंतर बंद पडतील का? (इंदिरानगर)

क्वालिटी वाढत नाही. एकच प्रोजेक्ट, तीच सेटिंग, तेच प्लगइन असतील तर जुन्या-नव्या विंडोजवर एक्स्पोर्ट केलेल्या फायली कानाला सारख्याच.

‘मित्राने दिलेले’ म्हणजे काय ते कळलं मला. हो, बंद पडू शकतात, आणि तेव्हा तक्रार करायला कुणीही नसेल. शिवाय क्रॅकमधून, म्हणजे कुलूप तोडलेल्या चोरीच्या कॉपीतून, काय काय मशीनमध्ये शिरतं त्याचा नेम नाही. एफएल स्टुडिओ एकदा विकत घेतला की पुढची व्हर्जन आयुष्यभर फुकट. वाढदिवसाला बूट मागण्याऐवजी ते माग.

प्रश्न : विंडोजला कंटाळलो. लिनक्सवर संगीताचं काम होतं का? (ओझर)

होतं. रीपर आणि आर्डर ही रेकॉर्डिंगची दोन्ही सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालतात, ड्रायव्हर न लागणारे यूएसबी इंटरफेस बहुधा लावले की दिसतात, आणि नोव्हेंबर २०२४ च्या लिनक्स ६.१२ पासून रिअल-टाइमचं, म्हणजे आवाजाला प्रोसेसर वेळेवर मिळण्याचं, काम मूळ कर्नलमध्येच (सिस्टीमच्या गाभ्यातच) आलं आहे. अडचण प्लगइनची. विंडोजचे व्हीएसटी प्लगइन याब्रिज या प्रोग्राममार्फत चालवता येतात, सगळे नाही. आयलॉक या लायसन्सच्या कुलपावर अवलंबून असलेल्यांची आशाच सोडा. तुमचं काम माइकवरचं असेल तर जरूर करून बघा. विकत घेतलेल्या सँपल लायब्ररींवर असेल तर कंटाळा गिळा.

प्रश्न : मी लग्नात, कार्यक्रमात कीबोर्ड वाजवतो, लॅपटॉप स्टेजवर असतो. एकदा हळदीच्या ऐन गाण्यात विंडोज रीस्टार्ट झाली. कायमचं बंद कसं करू? (नाशिक रोड)

कायमचं नको, हंगामापुरतं करा. विंडोज अपडेटमध्ये ‘पॉज’ आहे, तो पाच आठवड्यांपर्यंत जातो. मुदत संपली की विंडोज आधी साचलेले अपडेट घेते आणि मगच पुन्हा थांबवू देते. तेव्हा ती तारीख सुपारीच्या डायरीतच लिहून ठेवा आणि त्या दिवशी कार्यक्रम घेऊ नका. अपडेट झाल्यावर शोचा सगळा सेट एकदा घरी वाजवून बघा, कीबोर्ड जोडून, पेडलसकट. आणि स्टेजवर लॅपटॉपला हॉटेलचं वायफाय कशाला लागतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.