पहाटे तीनची जाग आणि ठणकणारं अंग

प्रश्न : डॉक्टर, मी 53 वर्षांची, मिरजेत प्राथमिक शाळेत शिकवते. अंगाने काटकुळी. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. झोप लगेच लागते, पण पहाटे तीनला टक्क जाग येते ती उजाडेपर्यंत. त्याआधी दोनदा लघवीला उठणं होतंच. सकाळी अंग इतकं आंबलेलं असतं की कणीक मळवत नाही, डोकंही जड. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बी-12 सगळं ठीक. हाडांच्या डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया (अंगभर ठणका धरणारा आजार) सांगून ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी दिलीय, फॅमिली डॉक्टरांनी झोपेची अर्धी गोळी. मी घोरत नाही. हे म्हणतात, ‘कधीकधी मोठ्याने उसासे टाकतेस.’ सगळे म्हणतात, टेन्शन घेऊ नका. कसलं टेन्शन, तेच मला सापडेना!
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, सगळ्यात कामाची माहिती तुमच्या यजमानांनी दिलीय. तो उसासा म्हणजे अडलेला श्वास सुटल्याचा आवाज असू शकतो. झोपेत श्वास अडणारा पेशंट म्हटला की आम्हा डॉक्टरांच्याही डोळ्यांसमोर जाड मानेचा, घोरून घर डोक्यावर घेणारा पुरुष येतो. त्याला बायको ओढत ओपीडीत आणते. नवऱ्याने बायकोला याच कारणासाठी आणलंय, असं फार क्वचित पाहिलंय मी. बायका येतात त्या थकवा, डोकेदुखी, निद्रानाश सांगत, आणि टेन्शनचा शिक्का घेऊन परत जातात.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, वाट अरुंद होते. श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा उथळ झाला, की मेंदू क्षणभर जागा होऊन घसा मोकळा करतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढते आणि तेव्हा स्नायू सर्वांत ढिले असतात, म्हणून तुमच्या तीनच्या जागेने माझे कान टवकारले. पाळी गेल्यावर श्वासाला चालना देणारं प्रोजेस्टेरॉनही उरत नाही. लघवीचंही तसंच. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना हृदयावर ताण येतो, त्यातून सुटणारं संप्रेरक मूत्रपिंडाला जास्त लघवी करायला लावतं. रात्री भरपूर होते की चमचाभर, एवढं पाहून ठेवा.

निद्रानाश आणि श्वास अडणं एकाच माणसात असतं, हे स्टॅनफर्डच्या गिलेमिनो आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्येच लिहिलं होतं. आणि ठणका? टोरांटोच्या मोल्डोफ्स्की यांनी 1975 मध्ये धडधाकट माणसांची गाढ झोप काही रात्री आवाजाने मोडली. त्यांना सकाळी फायब्रोमायल्जियासारखंच अंग दुखू लागलं. दुखण्याने झोप मोडते हेही खरंच. पण तुमच्याकडे उलटी बाजू कुणी तपासलेलीच नाही.

स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेची आणि श्वासाची तपासणी करा, आणि शक्यतो लॅबमध्ये, डोक्याला वायरी लावून होते ती. घरी देतात त्या साध्या यंत्राला तुम्ही झोपलात की छताकडे बघत पडलात, हे नीट कळत नाही. समजा श्वास 28 वेळा अडला आणि यंत्र सात तास चालू होतं, तर हिशेब ताशी 4, म्हणजे ‘नॉर्मल’. खरी झोप चारच तास असेल, तर तोच आकडा 7, म्हणजे सौम्य आजार. शिवाय श्वास पूर्ण न अडता नुसत्या ओढाताणीने मेंदू जागा होत असेल, तर ते मेंदूच्या लहरींशिवाय दिसत नाही. काटकुळ्या बायकांत हे आढळतं. आरशासमोर ‘आ’ करा. पडजीभ दिसत नाही, खालचा जबडा मागे आहे, नाक कायम चोंदलेलं, असं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गोळ्यांचं मात्र आत्ताच बोला. झोपेच्या काही गोळ्या घसा आणखी सैल करतात, ट्रॅमाडॉल श्वास मंदावू शकतं, आणि तुमच्याकडे दोन्ही दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर आहेत. दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांसमोर ठेवा. मनाने एकदम बंद करू नका. कमी करायच्या तर त्यांच्या सल्ल्याने, हळूहळू.

श्वास अडतोय असं निघालं, तर मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅपचं यंत्र किंवा जबडा पुढे धरणारं दातांचं साधन, असे मार्ग आहेत. पण निद्रानाश असलेल्या माणसाला तो मास्क जाचतो. तीनला जाग आली की यंत्राची घरघर ऐकत पडायचं! म्हणून निद्रानाशाची वर्तनोपचार पद्धतही सोबतच सुरू करावी लागते : उठण्याची वेळ रोज एकच, झोप येत नसेल तर अंथरूण सोडायचं, वगैरे. दिवसा पेंग येत असेल तर यातलं झोपेचे तास कमी करण्याचं तंत्र जाणकाराच्या देखरेखीखालीच, आणि पेंगत असताना स्कूटर चालवायची नाही. ठणका पूर्ण जाईल अशी हमी मी देणार नाही. काहींचा सकाळचा आंबलेपणा कमी होतो, काहींचा नाही.

लॅबचा रिपोर्ट स्वच्छ आला, तर फायब्रोमायल्जियाचं निदान मीही मान्य करीन. निद्रानाशावर उपचार तरीही हवेतच. रिपोर्ट पाठवाल तेव्हा नुसतं पहिलं पान नको. झोपेचे एकूण तास आणि स्वप्नांच्या झोपेतला श्वास अडण्याचा वेगळा आकडा आतल्या पानांवर असतो.