समर्थन, मध्यस्थ आणि जामीन

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या आमच्या एका भाचीचा प्रश्न आहे. मंडळाच्या हस्तलिखितासाठी ती कोलंबियातल्या तहावरचा हिंदी लेख मराठीत उतरवते आहे. मुळात 'शांति वार्ता को विदेशी राजनयिक समर्थन' असं आहे, तिने लिहिलं 'शांतिवार्तेला विदेशी राजनैतिक समर्थन'. आई म्हणाली, हे मराठी नव्हे. 'काका, चुकलं कुठे?'

बाळ, आईचं बरोबर आहे. ग्वाल्हेरात वाढलेल्या आपणा सगळ्यांचीच ही गत. शब्द दोन्हीकडे तेच, अर्थ मात्र वेगळे. मराठीत वार्ता म्हणजे बातमी. तिथे हवीत बोलणी किंवा वाटाघाटी. समर्थन आपण केलेल्या गोष्टीचं करतो, बहुधा चुकीच्याच. दुसऱ्याला देतो तो पाठिंबा. 'राजनैतिक' मात्र बरोबर बसलं. हिंदीत त्याचा अर्थ राजकीय, मराठीत परराष्ट्र व्यवहाराचा. आणि पुढे कुठे 'मध्यस्थता' लिहिलं असशील तर ते 'मध्यस्थी' कर.

पण खरी गंमत पुढे आहे. कोलंबिया सरकार आणि 'फार्क' ही तिथली बंडखोर संघटना यांची बोलणी २०१२ मध्ये सुरू झाली, २०१६ मध्ये करार झाला. त्यात क्यूबा आणि नॉर्वेला स्पॅनिशमध्ये 'गारांते' म्हणत, त्याला मध्यस्थ हा शब्द पुरत नाही. शिष्टाईही नाही. कृष्ण शिष्टाईला गेला तो पांडवांचा म्हणून, पाच गावं मागायला. रदबदली तर कुणा एकासाठी शब्द टाकणं.

नेमका शब्द आपल्या दारातच आहे. १७८२ चा सालबाईचा तह ग्वाल्हेरजवळचाच. पुणे दरबार आणि इंग्रज यांच्यामध्ये महादजी शिंदे नुसते मध्यस्थ नव्हते, दोन्ही बाजूंचे जामीन होते. जो करार मोडेल त्याच्या विरुद्ध दुसऱ्याला जाऊन मिळायचं, अशी जबाबदारीच कलमात घातली होती. हल्ली जामीन म्हटलं की कोर्ट आठवतं, पण कर्जाला माणूस अजून जामीनच राहतो. माझे वडील एका शेजाऱ्याला राहिले होते. त्याचा हप्ता चुकला की पोस्टमन नोटीस घेऊन आमच्या दाराशी. मध्यस्थाच्या घरी नोटीस येत नाही, हा फरक.

अर्थात क्यूबा-नॉर्वेवर महादजींसारखी फौज घेऊन उतरायची पाळी नव्हती. तरी बोलणी मोडू नयेत हे त्यांनी अंगावर घेतलं होतं. चिली आणि व्हेनेझुएला यांची भूमिका आणखी हलकी, ते नुसते सोबतीला.

तेव्हा असं लिही: 'या बोलण्यांना परराष्ट्रांचा राजनैतिक पाठिंबा होता. क्यूबा आणि नॉर्वे जामीन राहिले, चिली आणि व्हेनेझुएलाने सोबत केली.' संपादकांनी 'जामीन'वर काट मारलीच, तर 'हमीदार' चालेल. 'गारंटर' नको.