वही तपासता न येणारा विषय

परीक्षा जवळ आल्या की नाशिकमधील माझ्या समुपदेशन कक्षात एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो: "नववीला संगीत घेतले, तर दहावीचे टक्के जाणार नाहीत ना?" लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढून गाण्याला वर्ग आणि अभ्यासक्रम देणारे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर पुढे ज्या गावात आश्रम स्थापून राहिले, तिथेच हा प्रश्न यावा याची मला गंमत वाटते.

सातपूरच्या कारखान्यात काम करणारे एक वडील आठवीतल्या मुलीला घेऊन आले. शाळा केंद्रीय बोर्डाची. तिथे गायन हा स्वतंत्र विषय असून लेखीपेक्षा प्रात्यक्षिकाला अधिक गुण असतात. हे सांगूनही त्यांचा चेहरा सैल होईना. दोन भेटी टक्केवारीतच गेल्या.

तिसऱ्या भेटीत मी मुलीला म्हटले, "बाबांना हातावर तीनताल धरायला शिकव." हा सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा ताल. नवव्या मात्रेला टाळी न देता हात बाजूला नेऊन 'खाली', म्हणजे टाळीविना जाणारी मात्रा, दाखवायची असते, वडील तिथे हटकून टाळी देत. "बाबा, पुन्हा समेपासून," म्हणजे पहिल्या मात्रेपासून, एवढेच ती म्हणे. सातव्या खेपेला सोळाही मात्रा जमल्या. तळहाताकडे पाहत ते म्हणाले, "मॅडम, हिचे गणित दोनदा चुकले की मी वही फेकतो." मग जरा थांबून, "पण ती वही मला तपासता तरी येते. गाण्यात ही चुकली, तर मला कळणारसुद्धा नाही."

गाठ तिथे सुटली. मुलीचा अभ्यास आपल्या नजरेखालून गेलाच पाहिजे, हा हट्ट टक्क्यांच्या आड बसला होता. घडलेल्या गोष्टीपेक्षा त्या गोष्टीविषयीचा आपला 'पाहिजेच' माणसाला अधिक छळतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचे म्हणणे मी पूर्वीपासून मानते. तरी एखाद्या पालकाने ते इतक्या स्वच्छ शब्दांत स्वतःहून बोलावे, असे क्वचित घडते. ताल धरायला लावण्याची युक्ती ऐनवेळी सुचली, याचे मला आजही समाधान आहे.

पालकांनी आधी दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम वाचावा, कारण रागांची माहिती आणि ताललिपी लिहावी लागते. नुसता गोड गळा पुरत नाही. मूल न सांगता रियाजाला बसते का, हे महिनाभर पाहावे. खासगी क्लासच्या परीक्षा ही वेगळी वाट आहे. शाळेच्या वेळापत्रकातच गाण्याला तास हवा असेल, तरच विषय घ्यावा. मुलाचा आवाज या वयात फुटतो, तेव्हा वरच्या पट्टीचा आग्रह धरू नये. आणि पाहुण्यांपुढे "गाऊन दाखव" तर मुळीच म्हणू नये.

मुलीने विषय घेतला. शेवटच्या भेटीत वडिलांनी टक्क्यांचे नावही काढले नाही. झपतालाची खाली सहाव्या मात्रेला येते, हे मात्र मला दोनदा सांगितले.