अमेरिकेत आपल्याच पक्षाच्या खासदाराला प्रायमरीत पाडता येतं का?

येतं. प्रायमरी म्हणजे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधी पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक. पण न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी आधी तुमचं नाव त्या पक्षाच्या यादीत लागतं. माझं नव्हतं.

मी न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्सला राहते. जो क्राउली तेव्हा आमचे खासदार. दहा वेळा निवडून आलेले, क्वीन्सच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष, पुढचे स्पीकर, म्हणजे अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष, म्हणून नाव घेतलं जायचं. 1998 ला त्यांना उमेदवारीच प्रायमरीविना मिळाली: आधीच्या खासदारांनी अर्ज भरून ऐनवेळी माघार घेतली आणि पक्षाच्या समितीने यांचं नाव दिलं. 2004 नंतर प्रायमरीत त्यांच्यासमोर कुणी उभंच राहिलं नाही. आमच्याकडे नोव्हेंबरात डेमोक्रॅटच येतो, म्हणजे खरी निवडणूक जूनचीच, आणि तीच होत नव्हती.

2018 ला 28 वर्षांची अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ उभी राहिली. तिच्यासाठी फिरणारी मुलं आमच्या बिल्डिंगमध्ये दोनदा येऊन गेली. क्राउलींकडून इतक्या वर्षांत कुणी दार वाजवलं नव्हतं.

मी नागरिक झाले आणि मतदार नोंदणीचा अर्ज भरला तेव्हा मोठ्या दिरांनी बजावलं होतं, "पक्षाच्या रकान्यात काही लिहू नकोस. आपण नोकरदार माणसं, शिक्का कशाला मारून घ्यायचा?" मी ऐकलं. 26 जूनला कामावरून थेट केंद्रावर गेले. टेबलावरच्या बाईंनी यादी दोनदा पाहिली. पक्ष नोंदवायची किंवा बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरातच संपलेली. रस्त्यावर येऊन मी रडले.

रात्री क्राउली हरले, सुमारे 4 हजार मतांनी. दोघांची मिळून मतं 30 हजारांच्या आत. एवढ्या थोड्या लोकांनी पुढचा स्पीकर घरी पाठवला आणि त्यांत मी नव्हते.

आपल्याकडे भारतात असं का होत नाही, असंही तुम्ही विचारलंय. माझ्या माहेरी, वर्ध्यात, 2014 ला काँग्रेसने प्रायमरी घेतली होती. पण मत द्यायचा हक्क पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना, साध्या मतदाराला नाही. मग नेता मतदाराला कशाला घाबरेल?

हेही खरं, की बहुतेक खासदार प्रायमरीत टिकतात. आणि हे हत्यार कुणाच्याही हाती जातं: 2014 ला व्हर्जिनियात रिपब्लिकनांचे सभागृहनेते एरिक कँटर अधिक उजव्या विचारांच्या प्राध्यापकाकडून हरले. तिथे तर पक्षनोंदणीच नसते, नियम राज्यागणिक वेगळे. न्यूयॉर्कमध्ये पक्ष बदलायची मुदत आता 14 फेब्रुवारी आहे.

भाऊजी अजून म्हणतात, नोव्हेंबरात मत देतो तेवढं पुरे. पुरत नाही. नोव्हेंबरात दुसऱ्यांनी निवडलेल्या माणसावर तुम्ही फक्त खूण करता.

मुलगी 18 ची झाली तेव्हा तिचा अर्ज आमच्या जेवणाच्या टेबलावर भरला. भाऊजी समोरच होते. मी तिला म्हटलं, तो रकाना रिकामा सोडू नकोस.