गोचर बघायला शिकताय? आधी एवढंच

गोचर म्हणजे ग्रहांचं सध्या राशींतून चाललेलं भ्रमण. सुरुवात शनीपासून करा. तो एका राशीत सुमारे अडीच वर्षं बसतो, निरखायला सवड मिळते. चंद्र सव्वादोन दिवसांत पसार!

- गोचर चंद्रराशीवरून (जन्मवेळी चंद्र ज्या राशीत होता ती) बघा. वाढदिवसाच्या तारखेवरून ठरवलेली रास इथे चालत नाही.
- मोजताना स्वतःची रास पहिली धरा. २९ मार्च २०२५ला शनी मीनेत आला. वृषभेपासून मीन अकरावी, म्हणजे लाभस्थान. नवखे हमखास दहावी म्हणतात; मीही बोटं मोजत चुकलोय.
- पाश्चात्त्य अ‍ॅप बहुधा सायन (ऋतुचक्रावरून राशी मोजणारं) असतं. त्यात शनी मे २०२५मध्येच मेषेत! आपलं निरयन (ताऱ्यांवरून राशी मोजणारं) पंचांगच धरा.

साडेसाती दिसली की लगेच तेल घेऊन पळू नका. वेध, अष्टकवर्ग या गोचराच्या पुढच्या पद्धती सध्या राहू द्या.